कॉफीच्या कोठारातला आजोबा

ला ब्रूस, कोरेझ (फ्रान्स)
२ मार्च १९९८

आदरणीय ओदेतबाई,

आपली ओळख नाही, तरी पत्र फाडून टाकण्याआधी एकदा वाचा, एवढी विनंती. मी रेमी फार्नू. इथल्या शाळेत मास्तर आहे आणि गेली सहा वर्षं पणजोबांच्या मागे हात धुऊन लागलोय. बायको म्हणते, जिवंत माणसांकडे एवढं लक्ष दिलं असतंस तर घराचं छप्पर गळलं नसतं.

पणजोबांचं नाव मार्सियाल. १८८६ साली बायको मारी आणि दोन वर्षांचं पोर इथे ठेवून ते जगाच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्या त्या फ्रेंच वसाहतीच्या बेटावर निकेलच्या खाणीत गेले, दोन वर्षांच्या करारावर. नूमेआच्या बंदरात उतरल्याची नोंद मला सापडली आहे. त्यानंतर माणूस जो गायब झाला तो झालाच. ना मृत्यूचा दाखला, ना परतीच्या बोटीवर नाव, ना घरी पत्र.

पण त्यांचा थोरला भाऊ लेओनार आधीपासून तिकडे होता. जमीनदाराचं कोठार पेटवलं म्हणून काळ्या पाण्यावर गेलेला, पुढे बुरायला सरकारी जमीन मिळून तिथेच राहिलेला. नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या की तुम्ही लेओनार यांची नात. धाकटा भाऊ एवढ्या लांब गेला तर थोरल्याला भेटल्याशिवाय राहील का? घरात कधी काही बोलणं ऐकलंत का? एक ओळ लिहिलीत तरी मी नाचेन.

आपला,
रेमी

बुराय
३० मार्च १९९८

रेमी महाशय,

नगरपालिकेतल्या त्या बाईला मी बघतेच.

आमच्या घराण्यात कैदी-बिदी कोणी झाला नाही. माझे आजोबा लेओनार फार्नू स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने आले. कॉफीची बाग लावली, गुरं पाळली, अब्रूने राहिले आणि १९३१ साली, मी चार वर्षांची असताना, गेले. बुरायमध्ये कुणालाही विचारा. नाही, कुणालाही विचारू नका, माझ्यावर भरवसा ठेवा. आजोबा व्हायोलिन वाजवायचे. खोऱ्यातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय पार पडलं नाही. आता मला सांगा, कोठारं जाळत सुटणाऱ्या माणसाला असलं काही सुचतं का?

तुमच्या मार्सियालचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. मला एकाहत्तर वर्षं झाली आहेत, चाळीस गुरं सांभाळायची आहेत आणि कुंपणावरून शेजाऱ्याशी वीस वर्षं भांडण चालू आहे. जुनी मढी उकरायला मला वेळ नाही. पुन्हा लिहू नका.

ओदेत

ता. क. तुमच्याकडे अक्रोड होतात ना? आजोबांना त्यांची फार आठवण यायची, असं आई सांगायची.

ला ब्रूस
१५ एप्रिल १९९८

आदरणीय ओदेतबाई,

लिहू नका म्हणालात आणि शेवटी प्रश्न विचारलात! प्रश्नाला उत्तर न देणं बरं दिसत नाही, म्हणून लिहितोय. अक्रोड होतात, भरपूर होतात. दोन किलो वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत.

व्हायोलिनचं वाचून तर मी उडालोच! मार्सियालही वाजवायचे, पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं. म्हणजे दोन्ही भावांच्या हातात ती कला होती, घराण्याचंच वळण म्हणायचं.

आता रागावू नका. एक्स शहरातल्या सरकारी दफ्तरखान्यातून लेओनारच्या कैदी-नोंदवहीच्या पानाची नक्कल मिळाली, ती जोडतो आहे. मी वरचा गुन्हा आणि तारखा तेवढ्या वाचल्या, खालचं बारीक गिचमिड अक्षर माझ्या चष्म्याला झेपलं नाही. तुम्हाला दुखवायचा हेतू नाही. पण मला घाई आहे, ती का ते सांगतो.

माझे वडील फेर्नां नव्वद वर्षांचे आहेत. गावच्या कबरस्तानात आमच्या घराण्याची कबर आहे. तिच्या दगडावर त्यांच्या आजीच्या, म्हणजे मारीच्या, नावाखाली एक ओळ शहात्तर वर्षं कोरी आहे. नवऱ्यासाठी ठेवलेली. मारी ना धड सधवा राहिली ना विधवा झाली. काळे कपडे घातले नाहीत, दुसरं लग्न केलं नाही. आता कबर खचली आहे आणि सप्टेंबरात गवंडी यायचाय. बाबा म्हणतात, तोवर कळलं तर नाव कोरा, नाहीतर ती जागा घासून सपाट करा. 'पळपुट्याची वाट बघणाऱ्या दगडाखाली मी झोपणार नाही,' असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात रेडिओवर व्हायोलिन लागलं की आजही रेडिओ बंद होतो. तो मेला की त्याने आम्हाला सोडलं, एवढंच त्यांना जाण्याआधी कळायला हवंय.

आपला,
रेमी

बुराय
२७ मे १९९८

रेमी,

आता अहो-जाहो पुरे. हिशेबाने मी तुझी आत्या लागते, तेव्हा तुला 'तू' म्हणणार आणि गरज पडली तर कानही उपटणार. अक्रोड कस्टमवाल्यांनी काढून घेतले. बहुतेक खाल्ले असणार मेल्यांनी.

तुझा तो कागद मी तीन आठवडे पिठाच्या डब्यात लपवून ठेवला. घरात मी एकटी, तरी लपवला! आमच्याकडचं हे दुखणंच आहे बघ. बुरायमध्ये निम्म्या लोकांचे आजोबा बेड्या घालून आले, आणि जो तो सांगतो की आपला तेवढा वरच्या केबिनमध्ये होता. मला नवव्या वर्षी शाळेत एका मुलीने सांगितलं. घरी येऊन आईला विचारलं, तर आईने मुस्काटात दिली. त्यानंतर विचारलं नाही. आजी फिलोमेनसुद्धा तुरुंगातूनच आलेली, मालकिणीच्या चादरी चोरल्या होत्या. इथे मठाजवळ एक गोल छपरी होती. तिथे कैदी पुरुष आणि कैदी बायका लग्नासाठी एकमेकांना बघायचे, आणि जवळ एक नन जपमाळ ओढत पहारा करायची. अर्धा तास बोलायचं की ठरलं लग्न. घे, सगळं सांगून टाकलं. एवढं हलकं वाटतंय म्हणून सांगू!

आता खरी गंमत ऐक, आणि बसून ऐक. काल मी भिंग घेऊन तुझं ते गिचमिड वाचलं. 'डावा हात : मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट मुळापासून तुटलेलं, दगडखाण, १८७९.' मी तडक उठले आणि भिंतीवरचा फोटो काढला. १९२५ चा आहे, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातला. आजोबा व्हायोलिन धरून उभे आहेत, डाव्या हाताची बोटं तारांवर. रेमी, मी बोटं मोजली. सगळी आहेत! पुन्हा मोजली. खिडकीत नेऊन मोजली. तुटलेलं बोट पुन्हा उगवायला ते काय पालीचं शेपूट आहे?

मग हा माणूस कोण? आमचा आजोबा, ज्याच्या घोरण्याची आम्ही सत्तर वर्षं थट्टा केली! घोरतो म्हणून आजीने घरात झोपू दिलं नाही, जन्मभर कॉफीच्या कोठारात झोपला, हा आमच्या घरातला सर्वांत जुना विनोद आहे. आणि तोच माणूस आमचा नव्हताच?  फोटो पाठवते आहे. परत पाठव, नाहीतर बघ.

तुझी आत्या,
ओदेत

ला ब्रूस
१२ जून १९९८

ओदेतआत्या,

तेच! तेच! तेच! आमच्याकडे मार्सियालचा लष्करातला एक फोटो आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवले, आणि माझी बायको, जिला या सगळ्याचा कंटाळा आलाय, तीच आधी ओरडली, 'अरे, हा तोच आहे की!' तेच बाहेर आलेले कान, उजवी भुवई तशीच वर चढलेली. मी शाळेत वर्गावर गेलो तो काय शिकवलं मला आठवत नाही. पोरांना वाटलं मास्तरांना लॉटरी लागली.

आणि आत्या, कारणही हाती लागतंय. कैद्याला मिळालेली जमीन बरीच वर्षं कच्चीच असायची. तेवढ्यात तो मेला तर जमीन सरकारजमा, आणि तुरुंगातून आलेली बायको पुन्हा नन्सच्या पहाऱ्यात, पोर अनाथाश्रमात. लेओनारची जमीन पक्की झाली १८९० साली. समजा, तो त्याआधीच गेला असेल तर? समजा, धाकटा भाऊ कैद्यांच्या सरकारी हजेरीला त्याच्या नावाने उभा राहिला असेल तर? स्वतंत्र माणूस, परतीचं तिकीट खिशात, आणि स्वतःहून कैदी झाला!

मी धावत बाबांकडे गेलो. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, 'म्हणजे मेला नव्हता. भावाची बायको मिळाली, आमची आजी विसरला.' मी नियम समजावून सांगितला. ते म्हणाले, 'भावाच्या त्या पोरीला बाप मिळावा म्हणून माझ्या बापाने बिनबापाचं राहायचं? बरं, राहिला. एक पत्र लिहायला काय झालं होतं? गवंड्याला सांग, घासून टाक.'

आत्या, सहा वर्षं शोधलं, सापडलं, आणि बाबा आधीपेक्षा जास्त दुखावले. लेओनार कधी, कसा गेला हे कुणाला ठाऊक असेल का?

तुझा,
रेमी

बुराय
६ जुलै १९९८

रेमी,

तुझ्या बापाचं ते वाक्य वाचून मी भांडं आपटलं. मग वाटलं, त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. म्हणून डोकं थंड केलं आणि जे एकाहत्तर वर्षांत केलं नव्हतं ते केलं. ओढ्यापलीकडच्या कनाक, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, वस्तीवर गेले.

तिथला म्हातारा एलोई म्हणजे माझा कुंपणावरून भांडणारा तोच शेजारी. ओढ्याकाठची जुनी माहिती असली तर त्यांच्याकडेच. पण त्यांच्याकडे काही मागायचं तर रिवाज करावा लागतो. मी नवं फुलाफुलांचं कापड, तंबाखूची पुडी आणि हजाराची नोट घेतली. चटईवर मांडली, मान खाली घातली आणि बोलायला लागले. सवयीने पहिलं वाक्यच कुंपणावर गेलं! एलोई खाकरला. मी जीभ चावली आणि नीट बोलले, की माझ्या आजोबाचं नाव खोटं होतं असं कळलंय, तुमच्या वाडवडिलांनी काही पाहिलं असेल तर मला द्या.

त्याने कापडावर हात ठेवला आणि काय म्हणाला माहितेय? 'दोघं होते.'

इतकं साधं सांगितलं, रेमी, जसं काही पाऊस पडतोय म्हणून सांगावं. मी म्हटलं, 'आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?' तर म्हणे, 'सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.' मी म्हटलं, 'मग वीस वर्षं कुंपणावरून शिव्या देताना एकदा बोलला का नाहीस रे?' तो म्हणाला, 'वाजवणारा आमच्याकडे रिवाज घेऊन आला होता. आमच्या आजाने त्याचं कापड घेतलं. कापड घेतलं की शब्द दिला. तो शब्द त्याच्या घरचं कुणीतरी कापड घेऊन आल्याशिवाय सुटणार कसा? तू कधी आलीस?'

मी म्हटलं, आता आले आहे, तर सगळं सांग. त्याने सांगितलं ते असं.

१८८७ च्या पुरात तुटलेल्या बोटांचा माणूस ओढा ओलांडताना वाहून गेला. धाकटा भाऊ तेव्हा भेटायला आला होता, चार दिवसांनी खाणीवर परतायचा होता. एलोईच्या आजाने आणि त्याने मिळून प्रेत काढलं, त्यांच्याच जमिनीत पुरलं आणि वर पाइनचं झाड लावलं. ते झाड मी रोज माझ्या ओसरीवरून बघते. त्याच झाडाखाली माझी गुरं शिरतात म्हणून एलोई भांडतो!

निघताना तो म्हणाला, 'पत्रं परत आली की वाजवणारा त्या झाडाखाली येऊन बसायचा.' कुठली पत्रं, ते त्याला माहीत नव्हतं. मी घरी आले आणि आजोबांच्या व्हायोलिनची पेटी काढली. आईने तिला खिळे ठोकून ठेवले होते, 'तुरुंगाच्या वस्तूंना हात लावायचा नाही' म्हणून. पक्कडीने खिळे उपटले. व्हायोलिनचा वाळवीने भुगा केलाय. खाली मेणकापडात अकरा पाकिटं. सगळी बंद. वर पत्ता, मारी फार्नू, ला ब्रूस. पाठवणारा, लेओनार फार्नू, बुराय. आणि प्रत्येकावर पोस्टाचा शिक्का, 'घेण्यास नकार, परत'. पहिलं १८८८ चं, शेवटचं १९१५ चं.

किटलीच्या वाफेवर धरायचा मोह झाला. धरलं नाही. ती तुमच्या घरची आहेत. रजिस्टर पोस्टाने पाठवली आहेत. फेर्नांदादाला सांग, त्याने एक नाही, अकरा लिहिली.

ओदेत

ला ब्रूस
३० जुलै १९९८

आत्या,

पाकिटं सोमवारी आली. मी बाबांसमोर टेबलावर ठेवली आणि त्यांचा चेहराच उतरला. १९१५ च्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाले, 'हे मी परत पाठवलंय.'

मारीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन फाटकातून पाठवणाऱ्याचं नाव वाचायचा. लेओनार म्हणजे ज्या कैद्याने घराण्याची बेअब्रू केली तो, त्याचं पत्र घरात येऊ द्यायचं नाही, असा तिचा दंडक. शेवटचं पत्र आलं तेव्हा ती आजारी, अंथरुणावर होती. बाबा सात वर्षांचे. तिने त्यांना फाटकावर पाठवलं, आणि त्यांनी ओरडून सांगितलं, 'कैद्याचं आहे? नको आम्हाला!' बक्षीस म्हणून तिने साखरेचा खडा दिला. 'त्र्याऐंशी वर्षांनी ती साखर माझ्या तोंडात कडू झाली,' म्हणाले बाबा. एवढं बोलून त्यांनी मला चाकू दिला आणि वाच म्हणाले.

पहिल्या पत्रातलं उतरवून पाठवतो :

'मारी, हे पत्र इथला साहेब आधी वाचेल आणि तिथे दुसरं कोणी तुला वाचून दाखवेल, म्हणून थोडक्यात लिहितो. मार्सियाल मेलेला नाही. त्याला येता येत नाही. एक बाई आणि एक तान्ही पोर त्याच्या अंगावर पडली आहे, तो निघाला तर दोघींची ताटातूट होईल. घर त्या दोघींचं आहे. त्याचं अंथरूण कॉफीच्या कोठारात आहे आणि तिथेच राहील. विहिरीजवळच्या अक्रोडाखाली तो तुला जे बोलला होता, ते त्याने मोडलेलं नाही. पोराला घेऊन तू इकडे येशील का? येणार नसशील तर तसं कळव. लेओनार.'

अकराही पत्रांत तेच विचारलंय, थोडं थोडं कमी आशेने. शेवटच्यात फक्त एवढंच, 'तुझ्या मुलाला लढाईवर नेलं का? जिवंत आहे का? एवढं तरी कळव.'

ते पत्र संपल्यावर बाबा बराच वेळ रडले. मग रेडिओ लाव म्हणाले. खाली ते स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिणार आहेत.

रेमी

ओदेत, मी फेर्नां. हात कापतो, अक्षर लावून घे. गवंड्याला नाव दिलंय. पण माझ्या आजीला तिकडे गेल्यावर मला उत्तर द्यायचंय, म्हणून विचारतो. तू त्याला पाहिलेलं आहेस, आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. रेमी म्हणतो, घोरण्यामुळे त्याला कोठारात झोपवत होते. मग पत्रातलं खरं की तुमच्या घरातलं? खरं सांग. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

बुराय
२१ ऑगस्ट १९९८

फेर्नांदादा,

आधी एक सांगते. साखरेच्या खड्यासाठी सात वर्षांची पोरं काहीही ओरडतात. आईची मुस्काटात खाऊन मी साठ वर्षं गप्प बसले, ती तर मोठी घोडी होऊनसुद्धा. तेव्हा ते ओझं खाली ठेव. आपण दोघांनी मिळून एकाच कैद्याला घराबाहेर ठेवलं, आणि तो कैदी नव्हताच.

इथल्या त्याच्या दगडावरचं लेओनार हे नाव मी पुसणार नाही. चव्वेचाळीस वर्षं त्याने ते अंगावर वागवलं, त्याचं झालं ते. त्याखाली मार्सियाल कोरून घेतलंय. खऱ्या लेओनारकडे, पाइनच्या झाडाखाली, एलोई आणि मी रविवारी कापड ठेवून आलो. कुंपणाचं भांडण अजून मिटलेलं नाही, पण आता तो आधी कॉफी पितो आणि मग भांडतो.

आता तुझा प्रश्न. तू खरं सांग म्हणालास, म्हणून मी दोन दिवस आठवत बसले. मी शेंडेफळ होते, आईला, म्हणजे पत्रातल्या त्या तान्ह्या पोरीला, कामाचा रगाडा. जेवण झालं की दुपारी मला आजोबाकडे सोडायची. कोठारात तागाच्या पोत्यांवर त्याच्या शेजारी मी झोपायची. कॉफीचा वास, पत्र्यावर ऊन, आणि त्याचा तो मोठा हात माझ्या डोक्यावर. मला झोप यायची नाही, कारण मला एक भीती वाटायची. मी उठून त्याच्या मिशांपुढे बोट धरायची, श्वास चालू आहे का बघायला. दरवेळी धरायची. चार वर्षांच्या पोरीला तसं वाटावं इतका तो शांत निजलेला असायचा.

हे सगळं मला आठवत होतं, आणि तरीही मी सगळ्यांबरोबर त्या विनोदाला हसत आले. तुझ्या आजीला सांग, दादा. तो घोरत नव्हता.

तुझी बहीण,
ओदेत